सुवर्णाआधीची साठ वर्षं
(प्रस्तावना)

१० ऑगस्ट २०१६ रोजी ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरात ऑलिंपिक फुटबॉलचा एक सामना झाला. जर्मनी १०, फिजी ०. निल्स पीटरसन या एकट्या खेळाडूने पाच गोल केले. त्याआधी दक्षिण कोरियाने फिजीवर आठ गोल चढवले होते आणि मेक्सिकोने पाच. तीन सामन्यांत तेवीस गोल खाऊन संघाने गाशा गुंडाळला. दुसऱ्याच दिवशी, रिओच्या देओदोरो भागातल्या मैदानावर, त्याच देशाच्या सेव्हन्स रग्बी संघाने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं लोळवलं. मध्यंतरालाच २९-० झाले होते. ज्या देशाने फिजीवर शहाण्णव वर्षं राज्य केलं आणि रग्बी शिकवलं, त्याच्या संघाला पूर्वार्धात एक गुणही करता आला नाही. फिजीचं ऑलिंपिकमधलं हे पहिलंच पदक, आणि तेही सुवर्ण.

जगाच्या लक्षात दुसरा दिवस राहिला, आणि त्यात वावगं काही नाही. पण या पुस्तकाला दोन्ही दिवस हवे आहेत. खरं तर त्यामागची साठ वर्षंही हवी आहेत, कारण फिजीने ऑलिंपिकच्या संचलनात पहिलं पाऊल टाकलं ते १९५६ साली, मेलबर्नला.

छोट्या देशाने मोठं पदक जिंकलं की वर्तमानपत्रं ‘चमत्कार’ हा शब्द हाताशी ठेवूनच बसलेली असतात. मला त्या शब्दाचा राग येतो. चमत्कार म्हटलं की मागचं काही विचारायचं कारण उरत नाही. वास्तविक रिओला जाताना फिजीचा संघ सलग दोन मोसम सेव्हन्सच्या जागतिक मालिकेचा विजेता होता. जाणकारांच्या यादीत सुवर्णाचा पहिला दावेदार तोच होता. हरला असता तर ती बातमी झाली असती. विचारायचं असेल तर हे विचारावं, की जेमतेम नऊ लाख वस्तीच्या देशात जगाला पुरून उरेल असा एक खेळ कसा रुजला, बाकीचे का रुजले नाहीत, आणि देशाच्या नावाने मैदानात कोण उतरायचं हे कोणी आणि कसं ठरवलं.

आधी देशाची तोंडओळख. दक्षिण पॅसिफिकमध्ये, न्यूझीलंडच्या उत्तरेला तीनशेहून अधिक बेटं विखुरलेली आहेत. त्यांतल्या शंभरेक बेटांवरच माणसं राहतात, आणि बहुतेक वस्ती विती लेवू व वानुआ लेवू या दोन मोठ्या बेटांवर. सगळी जमीन एकत्र केली तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडी जास्त भरेल. माणसं मात्र त्या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. १८७४ पासून १९७० पर्यंत तिथे इंग्रजांचं राज्य होतं. उसाच्या मळ्यांवर राबायला माणसं हवीत म्हणून १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदुस्थानी मजूर करारावर तिथे नेले गेले. हे गिरमिटिये. बहुतेक जण संयुक्त प्रांत-बिहारकडचे, नंतरच्या काळात मद्रासकडचे. मराठी माणसाचा या कहाणीशी संबंध येतो तो गोपाळ कृष्ण गोखल्यांमुळे. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट प्रथा बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला, पण प्रथेचा पाया तिथून खचायला लागला. गिरमिट संपली तरी बहुतेक माणसं परतली नाहीत. फिजीच्या खेळांचा इतिहास हा त्यामुळे एका देशात शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन समाजांचाही इतिहास आहे. सरसकट सांगायचं तर एकाचं रग्बी, दुसऱ्याचं फुटबॉल.

रग्बी आलं इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आणि फौजेबरोबर, पण मुरलं ते मूळ फिजीवासीयांच्या म्हणजे इतौकेईंच्या गावागावांत. १९३९ साली त्यांचा संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला आणि एकही सामना न हरता परत आला. रग्बीच्या त्या पंढरीत असा पराक्रम भल्याभल्यांना जमलेला नाही. फुटबॉलचा संसार मात्र भारतीयांनी थाटला. १९३८ साली त्यांची स्वतःची फुटबॉल संघटना निघाली आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतली स्पर्धा सुरू झाली. सुवा, बा, लाबासा, नांदी ही गावांची नावं तिथल्या भारतीय घरांत आजही संघांची नावं म्हणूनच घेतली जातात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही संघटना सर्वांना खुली झाली. फिजीच्या फुटबॉलपटूंनी १९८८ साली ऑस्ट्रेलियाला १-० असं हरवून दाखवलं होतं, ही गोष्ट त्या दहा गोलांच्या बातमीत कुणी लिहिली नाही.

बहुक्रीडा स्पर्धांमध्ये फिजीचं खातं ऑलिंपिकच्या आधीच उघडलं होतं. तेव्हाच्या एम्पायर गेम्समध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, फिजीचं पथक १९३८ साली सिडनीला प्रथम उतरलं. पुढच्या खेपेला, १९५० साली ऑकलंडमध्ये, माताइका तुईदकाऊ याने गोळाफेकीत सुवर्ण आणि थाळीफेकीत रौप्य मिळवलं. तेव्हा देश स्वतंत्र नव्हता, त्याला स्वतःचं राष्ट्रगीतही नव्हतं. रिओच्या सहासष्ट वर्षं आधीचं हे सुवर्ण आज फिजीतही फारसं कुणाच्या तोंडी नसतं. एका वसाहतीतल्या माणसाने साम्राज्याच्या मेळ्यात जिंकलेलं सुवर्ण कुणाच्या खात्यावर टाकायचं, हा हिशोबच तेव्हा कुणी मांडला नव्हता.

या पुस्तकातलं माझं आवडतं वर्ष १९६३ आहे. त्या वर्षी ऑलिंपिकही नव्हतं आणि राष्ट्रकुल स्पर्धाही नव्हती. सुवामध्ये पहिली दक्षिण पॅसिफिक क्रीडा स्पर्धा भरली. ही कल्पना मांडली होती डॉ. ए. एच. साहू खान यांनी, १९५९ साली रबौल इथे भरलेल्या दक्षिण पॅसिफिक परिषदेत. बेटांनी एकमेकांशी बोलायचं ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मार्फतच, अशी तेव्हाची रीत होती. फ्रेंच बेटं पॅरिसकडे तोंड करून, इंग्रज बेटं लंडनकडे. अशा वेळी फिजीतल्या एका भारतीय वंशाच्या प्रतिनिधीने उठून सुचवलं की आपण आपापसांत खेळू या. चार वर्षांत तेरा प्रदेशांचे खेळाडू सुवात जमले. त्यांतला जवळजवळ कुठलाच प्रदेश तेव्हा स्वतंत्र नव्हता. देश होण्याआधी ते संघ झाले.

ती स्पर्धा आज पॅसिफिक गेम्स या नावाने चालते आणि पदकतालिकेत वर्षानुवर्षं न्यू कॅलेडोनियाचा वरचष्मा असतो. बाहेरच्या जगाला तिचा पत्ता नसतो, पण बेटांवरच्या धावपटूला, वेटलिफ्टरला आपण नक्की कुठे उभे आहोत हे तिथेच कळतं. ऑलिंपिकला तो एखाद्या विशेष प्रवेशिकेवर जातो, प्राथमिक फेरीत शेवटून दुसरा येतो आणि घरी येतो. पॅसिफिक गेम्समध्ये तो जिंकतो. छोट्या देशाच्या क्रीडाजीवनाचा कणा बघायचा तर या मधल्या पायरीकडे बघावं लागतं. रिओत तेवीस गोल खाल्लेला फुटबॉल संघही तिथे पोहोचला तो २०१५ च्या पॅसिफिक गेम्समधूनच: न्यूझीलंडचा संघ अपात्र खेळाडू उतरवल्यामुळे बाद झाला आणि अंतिम सामन्यात फिजीने वानुआतूला पेनल्टी शूटआउटवर हरवलं. नशिबाची साथ होती, हे मान्य. पण दार किलकिलं झाल्यावर आत शिरायला दाराशी उभं असावं लागतं.

आता या इतिहासातल्या सर्वांत विलक्षण माणसाकडे वळू. त्याचं क्रीडाचरित्र कुणी सहसा लिहीत नाही, कारण त्याची ओळख दुसऱ्याच कारणासाठी आहे. सितिवेनी राबुका. आडदांड बांध्याचा हा लष्करी अधिकारी फिजीकडून रग्बी खेळला. १९७४ साली क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो गोळाफेक, थाळीफेक, हातोडाफेक आणि डेकॅथलॉन अशा चार प्रकारांत उतरला. पदक मिळालं नाही. पुढे उच्च लष्करी शिक्षणासाठी तो भारतात आला आणि तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजातून १९७९ साली बाहेर पडला. १४ मे १९८७ रोजी याच लेफ्टनंट कर्नल राबुकाने सुवाच्या संसदेत सशस्त्र सैनिक घुसवून महिनाभरापूर्वी निवडून आलेलं डॉ. तिमोदी बावांद्रा यांचं सरकार उलथवलं. त्या सरकारात भारतीय वंशाच्या मंत्र्यांचं वजन होतं, ही मुख्य तक्रार. लोकसंख्येत तेव्हा जवळपास निम्मे लोक भारतीय वंशाचे होते. सप्टेंबरात त्याने दुसरं बंड केलं, ऑक्टोबरात देश प्रजासत्ताक जाहीर झाला आणि फिजीचं राष्ट्रकुलातलं सदस्यत्व संपलं.

याचा खेळावर परिणाम सरळ आणि क्रूर होता. १९९० ची ऑकलंडची राष्ट्रकुल स्पर्धा गेली. १९९४ ची व्हिक्टोरियाची गेली. ज्या शहरात तुईदकाऊने सुवर्ण जिंकलं, त्याच शहरात चाळीस वर्षांनी फिजीला मज्जाव. खेळाडूचं वय थांबत नाही. १९८७ साली विशीत असलेल्या धावपटूला पुढची राष्ट्रकुल स्पर्धा दिसली ती १९९८ साली, क्वालालंपूरला, आणि तोवर त्याचे गुडघे गेले होते. फिजीला राष्ट्रकुलात परत घेतलं गेलं १९९७ मध्ये. तेव्हा पंतप्रधान कोण होता? राबुकाच. राणीची माफी मागायलाही तोच गेला. देशाच्या नावाने खेळलेला माणूस देशाला खेळातून बाहेर काढतो आणि पुन्हा तोच आत आणतो, असा दाखला मला तरी दुसरीकडे आढळलेला नाही. २०२२ च्या डिसेंबरात तो पुन्हा पंतप्रधान झाला.

हे एकदाच घडलं असतं तर अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण डिसेंबर २००६ मध्ये फ्रँक बैनीमारामा यांनी लष्करी बंड केलं. २००७ ची नेटबॉलची जागतिक स्पर्धा सुवात व्हायची होती. ती काढून ऑकलंडला नेली. नेटबॉल हा फिजीतल्या शाळकरी मुलींचा खेळ. जगातले सगळे मोठे संघ आपल्या गावात येणार म्हणून वाट बघणाऱ्या मुलींचं सत्तांतराशी काय देणं-घेणं होतं, हे कुणी विचारलं नाही. सप्टेंबर २००९ मध्ये निवडणुका घेत नाही म्हणून राष्ट्रकुलाने फिजीला निलंबित केलं. म्हणून २०१० च्या दिल्लीच्या स्पर्धेत फिजीचं पथक नव्हतं. ज्या देशातून आपल्या पणज्या-खापरपणज्यांना जहाजांत बसवून नेलं, तिथे आपल्या देशाच्या ब्लेझरमध्ये परत यायची संधी फिजीच्या भारतीय खेळाडूंना मिळाली असती. ती हुकली. आपल्याकडे मात्र त्या स्पर्धेबद्दल लोकांच्या आठवणीत राहिलं ते आयोजनातल्या घोटाळ्यांचं पुराण. कोण आलं नाही, याची दखल इथे कुणी घेतली नाही.

पदकतालिका फक्त उपस्थितांची असते, ही तिची मर्यादा. पुस्तकाच्या लेखकाने म्हणूनच न गेलेल्या स्पर्धांनाही पानं दिली आहेत: १९६४ चं टोकियो, बहिष्काराच्या लाटेतलं १९८० चं मॉस्को, मग राष्ट्रकुलाच्या या गाळलेल्या जागा. मला हा निर्णय पसंत आहे.

इलिएसा डेलाना हे नाव मात्र तालिकेत आहे, आणि अगदी वर आहे. लहानपणी अपघातात त्याचा एक पाय गेला. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये तो उंच उडीच्या एफ-४२ गटात उतरला. कृत्रिम पाय नाही, कुबडी नाही. एका पायावर लंगडी घालत घालत तो वेग घ्यायचा आणि त्याच पायावर उसळी मारून आडवा होत दांडीपलीकडे जायचा. त्या संध्याकाळी तिघांनी १.७४ मीटर पार केले. बरोबरी झाली की चुकलेल्या उड्या मोजतात. त्या मोजणीत डेलाना पहिला ठरला. दुसरा आला भारताचा गिरीशा नागराजेगौडा. आपल्याकडे गिरीशाच्या रौप्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण त्या चढाओढीतल्या सुवर्णाने एका देशाचा कोरा कागद पहिल्यांदा भरला हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरले तर फिजीचं पहिलं पदक हे आहे, रग्बीचं नव्हे. डेलाना पुढे संसदेत निवडून गेला आणि युवा व क्रीडा खात्याचा सहायक मंत्री झाला. ‘फिजीचं पहिलं सुवर्ण’ असं म्हणताना लोक रिओकडे बोट दाखवतात, तेव्हा त्यांना चार वर्षं मागे न्यायला हवं.

रग्बीकडे येतो. पंधरा जणांच्या रग्बीत धिप्पाड माणसांचे घोळके, डावपेच, साधनं, पैसा, सगळंच लागतं. सेव्हन्समध्ये मैदान तेवढंच मोठं, पण माणसं सातच, आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. मोकळी जागा भरपूर. ज्याला पळता येतं, पडता पडता एका हाताने चेंडू मागच्याकडे सरकवता येतो आणि उलट्या हाताला कोण येतोय हे न बघता कळतं, त्याचा हा खेळ. फिजीच्या गावात संध्याकाळी जे खेळलं जातं ते हेच. अनवाणी, समुद्रकाठी नाही तर शाळेच्या पटांगणात, आणि चेंडू नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीने. जेरी तुवाई सुवाच्या न्यूटाउन वस्तीत असाच बाटलीवर शिकला. रिओ आणि टोकियो या दोन्ही सुवर्णसंघांत असलेला तो एकटा. गावांचे संघ, पोलिसांचा संघ, फौजेचा संघ, बक्षिसाच्या रकमेच्या स्पर्धा, सुवातली मारिस्ट सेव्हन्स: अशा उतरंडीतून खेळाडू वर येतो. हाँगकाँग सेव्हन्स फिजीने १९७७ सालीच जिंकली. वाइसाले सेरेवीच्या पिढीने १९९७ आणि २००५ चे सेव्हन्स विश्वचषक आणले. फिजीत दूरदर्शन सुरू झालं तेच १९९१ चा रग्बी विश्वचषक दाखवायला म्हणून. त्या विश्वचषकात फिजीचा संघ तिन्ही सामने हरला. घरोघरी नव्या पडद्यावर पहिलं काय दिसलं असेल, तर हे.

सेव्हन्सच्या या बादशहांना राष्ट्रकुलात मात्र सुवर्णाने कायम हुलकावणी दिली. १९९८ ला रौप्य, २००२ ला रौप्य, २००६ ला कांस्य. मग निलंबन. २०१८ ला पुन्हा रौप्य, २०२२ ला पुन्हा रौप्य. चारही अंतिम सामने हरले, त्यांतले तीन न्यूझीलंडकडून. कुणाला वाटेल ऑलिंपिकमध्ये जे जमलं ते इथे का नाही. मला याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही, आणि सगळ्याच गोष्टींना उत्तर असावं असा माझा आग्रहही नाही.

२००९ साली कोपनहेगनला ऑलिंपिक समितीने सेव्हन्स आणि गोल्फ यांना २०१६ पासून प्रवेश दिला. गंमत म्हणजे फिजीकडे दोन्हींसाठी माणसं होती. लाउतोकात जन्मलेला विजय सिंग हा भारतीय वंशाचा गोल्फपटू २००४ मध्ये टायगर वूड्सला मागे सारून जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता आणि तीन मोठ्या स्पर्धा त्याच्या नावावर होत्या. पण रिओपर्यंत तो पन्नाशी ओलांडून गेला होता, आणि झिकाची साथ व स्पर्धांचं वेळापत्रक यांचं कारण सांगून त्याने माघार घेतली. उरलं रग्बी.

प्रशिक्षक बेन रायन इंग्लंडचा, लाल केसांचा, चेहऱ्यावर तीळच तीळ. २०१३ साली तो आला तेव्हा रग्बी संघटनेची तिजोरी रिकामी होती आणि त्याला कित्येक महिने पगार मिळाला नाही. त्याने खेळाडूंना सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवलं. ज्यांनी या टेकड्या बघितल्या आहेत त्यांना कळेल: एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरतं. कसब शिकवायची गरजच नव्हती. दम आणि खाणंपिणं याकडे बघायचं होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने देश झोडपून काढला, ४४ माणसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली. ऑगस्टमध्ये रिओचा अंतिम सामना संपला तेव्हा खेळाडूंनी कडं करून आधी भजन म्हटलं. पदकं द्यायला ब्रिटनच्या राजकन्या अ‍ॅन होत्या. एकेक खेळाडू गुडघ्यावर बसला आणि मोठ्यांकडून काही स्वीकारताना फिजीत वाजवतात तशी ओंजळीची टाळी वाजवून त्याने मान पुढे केली. ज्यांना नुकतंच हरवलं त्यांच्याच राजघराण्यापुढे हे झुकणं काहींना खटकलं. मला ते खटकत नाही. ती रीत इंग्रज येण्याआधीपासूनची, त्यांची स्वतःची आहे.

देशाने सार्वजनिक सुट्टी दिली. एप्रिल २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने चक्क सात डॉलरची नोट काढली, तिच्यावर कर्णधार ओसेआ कोलिनीसाऊ आणि प्रशिक्षक रायन. रायनला तीन एकर जमीन आणि सरदारकीचं नाव मिळालं. सात डॉलरच्या नोटेने भाजी घेताना हिशोब कसा करायचा, हा प्रश्न बँकेला पडला नसावा.

टोकियोला जाताना सगळं जग बंद होतं. प्रवासी विमानं नव्हती, म्हणून संघ गोठवलेली मासळी नेणाऱ्या मालवाहू विमानातून निघाला. त्याआधी कित्येक महिने खेळाडूंनी घर बघितलेलं नव्हतं. २८ जुलै २०२१ रोजी न्यूझीलंडविरुद्ध २७-१२, पुन्हा सुवर्ण. तीन दिवसांनी महिलांच्या संघाने, म्हणजे फिजियानाने, ग्रेट ब्रिटनला २१-१२ हरवून कांस्य घेतलं. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी गतविजेत्या ऑस्ट्रेलियाला १४-१२ असं घरी पाठवलं होतं आणि उपांत्य फेरीत न्यूझीलंडला जादा वेळेपर्यंत झुंजवलं. मुलींनी नेटबॉल खेळावं, रग्बी बाप्यांचं, असं मानणाऱ्या समाजातून या खेळाडू आल्या होत्या. कित्येकींना घरचा विरोध होता. पुरुषांच्या दुसऱ्या सुवर्णापेक्षा हे कांस्य मी मोठं मानतो. वाचकाने वाद घालावा.

२०२४ ला पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सने, आंत्वान दुपाँच्या जोरावर, फिजीला अंतिम सामन्यात २८-७ हरवलं. ऑलिंपिकमधल्या सलग सतरा विजयांनंतरचा तो पहिला पराभव. चार पदकं, चारही एकाच खेळातली.

फ्रान्सचं नाव निघालंच आहे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. फिजीत घडलेले रग्बीपटू फ्रान्सच्या क्लबांत पोटापाण्यासाठी जातात, आणि काही तिथलेच होतात. फिजीत वाढलेला विरिमी वाकातावा रिओमध्ये फ्रान्सकडून खेळला. वेटलिफ्टर आयलीन चिकामातानाने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत फिजीसाठी सुवर्ण उचललं; महासंघाशी बिनसलं आणि २०२२ ला तिने सुवर्ण जिंकलं ते ऑस्ट्रेलियासाठी. १९८७ नंतर देश सोडून गेलेल्या हजारो भारतीय कुटुंबांतली मुलं सिडनी-ऑकलंडच्या मैदानांवर वाढली, त्यांची तर मोजदादच नाही. छोट्या देशाला प्रतिभेचा तुटवडा क्वचित असतो. तिला घरी ठेवायला लागणारा पैसा आणि स्वस्थता यांचा असतो.

या सगळ्या गंभीर प्रकरणांच्या मधूनमधून काही अतरंगी माणसं डोकावतात, आणि ती नसती तर पुस्तक रूक्ष झालं असतं. टोनी फिल्प १९८४ साली पंधराव्या वर्षी विंडसर्फिंगला उतरला आणि २००० पर्यंत सलग पाच ऑलिंपिक खेळला. नॉर्वेत शिकायला गेलेला रुसिआते रोगोयावा तिथे स्कीइंग शिकला आणि १९८८ साली कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये नारळाच्या देशाचा झेंडा घेऊन बर्फावर उभा राहिला; १९९४ ला लिलेहॅमरला पुन्हा गेला.

आणि रॉय कृष्णा. लाबासाचा, गिरमिटियांच्या वंशातला. मेक्सिकोविरुद्धच्या त्या ५-१ सामन्यातला एक म्हणजे त्याने हेडरने मारलेला गोल; तो सामन्यातला पहिला होता आणि मध्यंतरापर्यंत फिजी पुढे होतं. ऑलिंपिक फुटबॉलमधला फिजीचा आजवरचा तेवढाच गोल. २०१९ मध्ये तो कोलकात्याकडून इंडियन सुपर लीग खेळायला भारतात आला. मार्च २०२० मध्ये फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये त्याच्या संघाने विजेतेपद मिळवलं. पुढचा अख्खा मोसम करोनामुळे गोव्यातच झाला आणि फातोर्डा, बांबोळी, वास्को इथे खेळत त्याने १४ गोल केले. गोव्यातल्या फुटबॉलवेड्यांना तो टीव्हीवर रोज दिसत होता, स्टेडियमच्या भिंतीपलीकडे असूनही.

वाचकाला एकच सुचवतो. रिओचं प्रकरण आधी उघडायचा मोह होईल, तो आवरावा. क्रमाने वाचायला वेळ नसेल तर सुरुवात १९६३ च्या सुवापासून करावी, तिथून थेट १९८७ वर यावं, आणि मग डेलाना. रिओपर्यंत पोहोचायला एवढा वळसा पुरेसा आहे. शेवटच्या परिशिष्टात फिजीच्या ऑलिंपिक खेळाडूंचे निकाल वर्षवार दिले आहेत. त्यांतले बहुतेक जण पहिल्याच फेरीत बाद झालेले आहेत. ती यादी चाळू नये, वाचावी.